एका नकाराला एक चिक्की

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

आजपासून संस्थेत नीती आली. सकाळी साडेअकराला.

डॉ. वाळंजांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावून जाहीर केलं की आपलं सवय-सुधार केंद्र आता नीतीवर चालणारी संस्था झालं आहे. म्हणून समिती हवी. पाच मिनिटांत समिती झालीसुद्धा! अध्यक्ष दत्तोबा, बाजारातले चिक्कीवाले. बाहेरचा एक सभ्य गृहस्थ लागतो, आणि ते नेमके माल द्यायला आलेले होते. सभासद शकुबाई, आमच्या स्वयंपाकघरातल्या, कारण एक बाई लागते. मीसुद्धा बाई आहे हे डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं. म्हणाले, "तुम्ही चिटणीस, मिस मुलाणी. चिटणीस धरत नाहीत."

हे सगळं मुंबईच्या ट्रस्टमुळे. ट्रस्ट आम्हाला विजेची पेटी देणार आहे, पण संस्थेत नीती असली तरच. पेटीच्या दोन वायरी दंडाला बांधायच्या, माणसाने वाईट सवय केली की बटण दाबायचं, झटका बसतो, सवय जाते. ज्यांच्यावर चिक्की चालली नाही त्यांच्यासाठी आहे ती.

चिक्की ही आमची मुख्य उपचारपद्धत. डॉक्टर लंडनला दोन वर्षं शिकून आले. तिकडचं शास्त्र असं की माणसाला रागवायचं नाही, नीट वागल्याबरोबर तोंडात गोड घालायचं. तिकडे चॉकलेट घालतात. लोणावळ्यात काय घालणार?

अब्बांना रात्री जेवताना सांगितलं, मी नीती समितीची चिटणीस झाले. म्हणाले, "पगार तोच ना?" तोच.

७ नोव्हेंबर, बुधवार

संमती वही सुरू केली. लाल पुठ्ठ्याची. चौदा निवासी आहेत (पेशंट म्हणायचं नाही, सोमवारपासून निवासी). प्रत्येकाला विचारायचं, "तुम्हाला उपचार मान्य आहे का?" मान्य असेल तर अंगठा.

निवासी विचारात पडायला लागले. कोंडूबाबा जन्मभर एका बंगल्यावर रखवालदार होते. आता ते मोटारीला, झाडाला, मांजरीला सलाम ठोकतात, म्हणून इथे आहेत. त्यांनी वहीला सलाम ठोकला आणि चालते झाले. अर्धा तास असाच गेला. मग डॉक्टर म्हणाले, बरणी आणा.

बरणी टेबलावर ठेवली. व्हय म्हटलं की अंगठा, अंगठा उठला की एक तुकडा. वीस मिनिटांत तेरा अंगठे! काही जण पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले.

चौदावा रतन. त्याची सवय कागद खायची. त्याने आपलं पान फाडून खाल्लं. ही संमती की नकार? समितीची पहिली सभा तिथेच, उभ्याउभ्या. दत्तोबांचं मत पडलं, "खाल्लं म्हणजे पटलं." तसं लिहून घेतलं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी आली की पहिली कुणावर चालणार ते आज डॉक्टरांनी सांगितलं. येसूवर.

येसू लोहगडवाडीची. वीस-बावीस वर्षांची असेल. तिचा गुन्हा एवढाच की ती शिट्टी मारते. दोन बोटं तोंडात घालते आणि अशी मारते की तुंगार्लीच्या वळणापर्यंत ऐकू जावी. लहानपणापासून गडाखाली बकऱ्या राखल्या, त्यात शिकली. सासरीही मारायला लागली. बाईमाणूस शिट्टी मारतं म्हणून त्यांनी परत पाठवली. भावाने इथे आणून सोडली. डॉक्टरांनी तिच्या फायलीवर लिहिलंय, 'अनुचित ध्वनी'.

शिट्टीशिवाय एक तास गेला की तिला चिक्की. ती गुमान एक तास बसते, चिक्की घेते, खात खात मागच्या भिंतीपाशी जाते आणि शिट्टी मारते. दोन महिन्यांत कुणाकुणाच्या तीन बकऱ्या आवारात आल्या. डॉक्टर म्हणतात प्रगती आहे, पण सावकाश.

मला विचाराल तर (कुणी विचारत नाही) त्या पोरीला काहीही झालेलं नाही. दुपारी टपाल लिहीत असते तेव्हा तिच्या शिट्टीकडे माझा कान असतो. ऐकू आली की बरं वाटतं. हे कुठल्या वहीत लिहिणार? इथेच.

१९ नोव्हेंबर, सोमवार

ट्रस्टचं पत्र आलं. डॉक्टर दुपारपर्यंत खोलीबाहेर आले नाहीत.

मग मला बोलावून वाचून दाखवलं. ट्रस्ट म्हणतो, चौदापैकी चौदा जणांनी सगळ्याला होकार दिलेला पाहून आम्हाला काळजी वाटते. जिथे कुणीच नाही म्हणत नाही, तिथे नाही म्हणायची मुभा आहे हे कशावरून? नकार आलेले दाखवा. ते पाळलेले दाखवा. मग पेटी.

मला पत्र फार आवडलं. तिकडे कुणीतरी शहाणा माणूस बसलाय. डॉक्टर मात्र पार हिरमुसले होते. "आपल्याकडे नकारच नाहीत, मिस मुलाणी. हा आपला मागासलेपणा आहे." मग एकदम खुलले. "शिकवू!"

२१ नोव्हेंबर, बुधवार

नकार शिकवायला घेतले. हॉलमध्ये चौदा निवासी, बरणी, डॉक्टर, मी, नवीन निळी वही.

डॉक्टर विचारत, "आंघोळ करायची का?" उत्तर नाही असं आलं तर चिक्की द्यायची. पण पंधरा दिवस व्हयला चिक्की मिळालेली! सगळे एका सुरात व्हय म्हणाले. चिक्की मिळाली नाही तेव्हा आणखी मोठ्याने म्हणाले. शकुबाई दारातून कळवळून सांगत होत्या, "आवो न्हाई म्हना की. न्हाई म्हना, मंग मिळल."

शेवटी त्यांनीच रतनला दटावलं, "कागुद खाल्लास का रं पुन्यांदा?" रतन म्हणाला, "न्हाई." डॉक्टरांनी धावत जाऊन त्याच्या तोंडात चिक्की घातली. तोंडात कागद होता, तरी घातली. बाकीच्या तेरा जणांनी ते पाहिलं. जेवणाच्या घंटेपर्यंत सगळ्यांना नकार येत होता.

निळ्या वहीत रकाने आखले: निवासी, कशाला नकार, बरणी होती का, दोन साक्षीदार, नकार पाळला का. दिवसभरात अठ्ठेचाळीस नकार. हात दुखतोय.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

पाच दिवस झाले, आंघोळ कुणाचीच नाही. आंघोळीला नकार, तो पाळला. पेजेला नकार, पाळला. मग भूक लागली म्हणून पेज मागायला आले, तेव्हा शकुबाईंनी विचारलं, "पेज वाढू का?" सवयीने न्हाई म्हणाले. तोही पाळावा लागला. शकुबाईंनी शेवटी न विचारता ताटल्या पुढे सरकवल्या. डॉक्टरांनी त्यांना समज दिली: विचारल्याशिवाय वाढणं हा निवाशांच्या इच्छेचा अपमान आहे.

चार वाजता सगळे व्हरांड्यात उभे. आत यायला न्हाई म्हणाले होते. मग बाहेरच राहता का विचारलं, त्यालाही न्हाई म्हणाले. समितीची तातडीची सभा. ठराव: निवाशांनी उंबरठ्यावर बसावं.

शकुबाई उसळल्या. "म्या बी सभासद हाय. आज चूल पेटवायला माजं न्हाई." डॉक्टर शांतपणे म्हणाले, कर्मचाऱ्यांच्या नकाराला रकाना नाही. मी वही उघडून पाहिली. खरंच नाही. शकुबाई चुलीकडे गेल्या.

दत्तोबा खुशीत असतात. रोज दोन डबे येतात. आज म्हणाले, "बाई, या नीतीला लोणावळ्यात लय वाव आहे बघा."

१ डिसेंबर, शनिवार

येसू गप्प आहे. बाकीच्यांबरोबर न्हाई म्हणते, चिक्की घेते, पण भिंतीपाशी जात नाही. शिट्टी कमी झाली म्हणून डॉक्टर आनंदात. मला उगाच चुकल्यासारखं होतं.

४ डिसेंबर, मंगळवार

कोंडूबाबांनी आज चिक्कीलाच नकार दिला. नियमाप्रमाणे त्यांना चिक्की दिली.

८ डिसेंबर, शनिवार

ट्रस्टचे गृहस्थ तपासणीला आले. टाय, चष्मा, मऊ आवाज. त्या पत्रातला शहाणा माणूस हाच असणार. मी दोन्ही वह्या पुढे ठेवल्या आणि मनात म्हटलं, याच्या लक्षात येईल. पाहिल्या पाहिल्या येईल.

त्यांनी कोंडूबाबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, इथे कुणी मारतं का?"

"न्हाई."

डॉक्टरांनी चिक्की दिली.

"इथे सुखात आहात ना?"

"न्हाई."

चिक्की.

"मग घरी जावंसं वाटतं का?"

"न्हाई."

चिक्की. कोंडूबाबांच्या तोंडात आता जागा नव्हती. त्यांनी सलाम ठोकला.

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, "खरं बोलायची केवढी मोकळीक!" शेऱ्याच्या पुस्तकात लिहिलं की इतका निर्भय नकार त्यांनी देशात कुठे पाहिला नाही. पेटी त्यांच्या मोटारीच्या डिकीतच होती.

मी बोलले का नाही? चहाचा ट्रे माझ्या हातात होता. हे काही कारण झालं? ट्रे खाली ठेवता येतो.

१० डिसेंबर, सोमवार

आज येसूला पेटीबद्दल विचारायचं होतं. मी निश्चिंत होते. जवळजवळ तीन आठवडे चौदाच्या चौदा जण कशालाही न्हाईच म्हणताहेत. तीही म्हणणार, निळ्या वहीत लिहायचं, नकार पाळायचा, पेटी कपाटात. मी तर तिचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं.

टेबलावर नियमाप्रमाणे बरणी. समिती हजर. डॉक्टरांनी विचारलं, "येसू, शिट्टी थांबवण्यासाठी या पेटीचा उपचार तुला मान्य आहे का?"

येसूने बरणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हय."

मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा व्हय. त्यांनी स्वतः उठून लाल वही आणली, अंगठा घेतला. पुढचा सोमवार ठरला, सतरा तारीख, सकाळी दहा.

निळ्या वहीतलं तिचं नाव खोडताना कागद फाटला.

११ डिसेंबर, मंगळवार

येसूला धुणं वाळत घालायच्या निमित्ताने मागे नेलं आणि विचारलं, व्हय का म्हणालीस?

तिने तोंड उघडून बोट घातलं. उजवीकडची खालची दाढ काळी पडलेली, हिरडी टरारून सुजलेली. तीन महिने तासातासाला चिक्की! "दाढ लय दुकती बाई. न्हाई म्हनलं का चिक्की कोंबत्यात. व्हय म्हनलं का सोडत्यात."

मी तिथेच दगडावर बसले. मग तिला पेटी म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. झटका म्हणजे काय तेही.

"कशापायी?"

"तुझ्या शिट्टीसाठी."

"शिट्टी न्हाई मारली तर बकऱ्या कशा येत्याल?" मग म्हणाली, "मला झटका नगं, बाई."

असा स्वच्छ नकार महिन्याभरात माझ्या कानावर पडला नव्हता. धावत जाऊन डॉक्टरांना सांगितला. त्यांनी निळ्या वहीच्या रकान्यांवर बोट ठेवलं. बरणी होती का? नव्हती. साक्षीदार दोन? एक, मीच, आणि चिटणीस धरत नाहीत. "मग हा नकार झालाच नाही, मिस मुलाणी. नकार कुठेही, कसाही झाला तर नीती राहील का?"

रकाने मीच आखले होते.

१२ डिसेंबर, बुधवार

पेटी चालते. दत्तोबांनी हात लावून पाहिला. दुपारी दुकान बंद होतं.

१३ डिसेंबर, गुरुवार

विचार केला, दाढच काढून टाकू. दाढ गेली की चिक्कीची भीती जाईल, आणि भीती गेली की ती बरणीपुढे सरळ न्हाई म्हणेल. डॉक्टरांची परवानगी काढली, येसूला आणि शकुबाईंना घेऊन बाजारातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या गृहस्थांनी चिमटा हातात घेतला मात्र, येसू खुर्चीतून उठली आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "न्हाई. न्हाई. न्हाई." शकुबाईंनी परोपरीने समजावलं. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बरणी नाही, चिक्की नाही, कुणी शिकवलं नाही, आणि तरी नकार! शकुबाई आणि दातांचे डॉक्टर, साक्षीदारही दोन! टांगा करून परत आले, धापा टाकत सगळं सांगितलं. वाळंज खुर्चीतून उठले. त्यांनाही माझ्याइतकाच आनंद झाला.

"अप्रतिम! म्हणजे येसूला नको असलं की नाही म्हणता येतं. मग सोमवारचं व्हय हे तिचं स्वतःचं व्हय, हे आता सिद्ध झालं."

मग त्यांनी निर्णय सांगितला.

दाढेला तिने नकार दिला आहे, तेव्हा दाढ काढता येणार नाही. त्या नकाराचा संस्था आदर करते. इतका उत्स्फूर्त नकार संस्थेत पहिलाच, म्हणून डॉक्टरांनी तिला स्वतःच्या हाताने चिक्की दिली. दोन तुकडे. तिने ते डाव्या गालात धरून ठेवले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मला डॉक्टरांचा इतका राग कधी आला नव्हता. आणि माझाही. हा पुरावा मीच टांग्यात घालून आणला.

१४ डिसेंबर, शुक्रवार

समितीची सभा मी मागितली. माझा प्रस्ताव एकच: येसूला बरणी न ठेवता पुन्हा विचारावं.

डॉक्टर म्हणाले, तेरा जणांना बरणी ठेवून विचारायचं आणि एकीला बरणीशिवाय, हा पक्षपात झाला. मी म्हटलं, मग सगळ्यांनाच बरणीशिवाय विचारू. त्यावर अध्यक्षांनी तीव्र हरकत घेतली. दत्तोबांचं म्हणणं, दाढेचाच प्रश्न असेल तर शेंगदाण्याची जरा कडक जाते, तिळाची देऊन बघू. मऊ असते.

शकुबाई म्हणाल्या, "पोरीची दाढ काडा, न्हाईतर पोरीला सोडा. ह्ये काय चाललंय?" इतिवृत्तात मी लिहिलं: 'शकुबाईंनी आरोग्यविषयक सूचना केली.' माझ्याच हाताने लिहिलं. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

मी शेवटचं म्हणून सांगितलं की तिचं व्हय हे खरं व्हय नाही. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. हाच त्यांचा त्रास आहे, ते रागावत नाहीत. म्हणाले, "तिच्या मनात काय आहे हे तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, असंच ना? अहो, गरिबाच्या वतीने दुसऱ्यानेच ठरवायचं, हे बंद व्हावं म्हणून तर ही समिती."  ठराव एकमताने मंजूर. एकमत म्हणजे दत्तोबा. शकुबाई उठून पोळ्या करायला गेल्या होत्या.

मला उत्तर सुचलं ते संध्याकाळी घरी जायच्या गाडीत, कामशेत मागे पडल्यावर. हो म्हटलं तरी तुमचंच खरं आणि नाही म्हटलं तरी तुमचंच खरं, मग तिला विचारता कशाला? पण डब्यात समिती नव्हती. समोर एक कोथिंबीरवाली झोपली होती.

१६ डिसेंबर, रविवार

आज भेटीचा दिवस. येसूचा भाऊ सावळा आला होता. तांदळाच्या भाकरी आणि ठेचा घेऊन, लोहगडवाडीहून मळवलीपर्यंत चालत आणि पुढे गाडीने. भाकरीचे तुकडे दुधात कालवून बहिणीला भरवत होता. वाईट माणूस नाही.

त्याला बाजूला घेऊन म्हटलं, हिला घरी घेऊन जा. पेटीचंही सांगितलं.

"करंट? आमच्या वाडीवर आजून तारा न्हाईत आल्या. हिला आदी?" त्याला थोडं हसू आलं. मग गंभीर झाला. "बाई, दुसरं घर बगितलंय तिच्यासाटी. मानसं बरी हायती. पौषाच्या आदी बगायला येनार. डाक्टर म्हनलं, आट दिसांत शिट्टी जाईल. गेली तर तिचं बरंच हुईल न्हवं? आमी काय जल्मभर पुरनार हाय व्हय तिला?"

मी म्हटलं, ती शिट्टीच मारते रे. कुणाला दगड तर मारत नाही.

"मला काय तिची शिट्टी जड झालीया का?" तो म्हणाला. "लोकास्नी झालीया." आणि टोपी सारखी करून गाडीच्या वेळेला निघून गेला.

निघताना डॉक्टरांनी बोलावलं. उद्या ते घड्याळ धरणार आणि नोंदी करणार. "बटण तुम्ही दाबा, मिस मुलाणी. तिचा तुमच्यावर विश्वास आहे." मी म्हटलं, "बरं."

बरं! गाडीत बसल्यावर माझं मला ऐकू आलं. असं कसं तोंडातून निघून गेलं? त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं, सांगितलं होतं. मॅट्रिक झाल्यावर नऊ वर्षं घरात बसून काढली. ही नोकरी मिळाली तेव्हा अब्बांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की आमच्या अजीजुन्निसाला टेबल आहे आणि स्वतःची खुर्ची आहे. ती खुर्ची जाईल म्हणून मी बरं म्हटलं का? तसंही नाही. तेवढा विचारच केला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की मी बरं म्हणते.

उद्या मी नाही म्हणणार. रकाना असो नसो. मी दाबलं नाही तर डॉक्टरांना घड्याळ सोडून स्वतः दाबावं लागेल आणि प्रयोग फसेल, ते तसं करणार नाहीत. तेवढ्यात एखादा दिवस मिळाला तरी शकुबाईंच्या मदतीने तिची दाढ शांत करता येईल. लवंग, मिठाचं पाणी, काहीतरी. मग बरणीपुढे ती स्वतःच नाही म्हणेल. एक दिवस हवा, बस.

आरशासमोर उभी राहून दहा वेळा म्हणून पाहिलं. "नाही, डॉक्टर. मी दाबणार नाही." सहाव्या वेळेनंतर आवाज बरा आला. अब्बांनी बाहेरून विचारलं, "कुणाला नाही म्हणतेस गं?" म्हटलं, उद्या सांगते.

१७ डिसेंबर, सोमवार

येसूच्या दंडाला वायरी बांधल्या. तिला सांगितलं, मार शिट्टी. तिने मारली. "आता," डॉक्टर म्हणाले, आणि मी दाबलं.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "न्हाई, बाई. न्हाई." माझा हात बटणावरून उठला तो सरळ बरणीत गेला. मी तिच्यापुढे चिक्की धरली. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "शाबास, मिस मुलाणी."

स्टेशनवर गाडीची वाट बघताना लक्षात आलं, तो तुकडा मी खाल्ला होता.